परत दाखवायची तारीख

बुलडाणा जिल्ह्यात कुणाचं गाव विचारलं की लगेच दुसरा प्रश्न येतो, घाटावरचं की घाटाखालचं? बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा घाटावर. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखाली. रेल्वे खाली आणि जिल्ह्याचं ठिकाण वर. एचआयव्हीची समुपदेशक म्हणून मी इथं कामाला लागले, तेव्हा कुणाच्या गोळ्या वेळेवर जातील आणि कुणाच्या चुकतील याचा निम्मा अंदाज मला गावाच्या नावावरूनच यायचा. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून निघून, दोन एसटी बदलून, राजूर घाट चढून वर येणाऱ्या आजीचा दिवस जायचा आणि रोजही बुडायचा. कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या रजिस्टरात लाल शाईच्या नोंदी वाढायच्या.

हे सगळं आधी सांगायचं कारण असं की मला ज्या आजाराबद्दल लिहायचं आहे, तो पुस्तकात दुर्मीळ म्हणून नोंदलेला आहे. प्रतिकारशक्ती खचलेल्या मुलांच्या मेंदूत विषाणूमुळे होणारी गाठ. इतक्या दुर्मीळ आजाराचा आणि कापूस वेचणीचा काय संबंध, असं वाटेल. माझ्या अनुभवात तो फार जवळचा आहे.

ज्या दोन मुलांबद्दल लिहिते आहे, त्यांची नावं, गावं मी सांगणार नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं तसं बंधन आहे, पण कायदा नसता तरी सांगितली नसती.

आमच्याकडची बहुतेक मुलं आजी-आजोबांबरोबर यायची. आईवडील गेलेले असायचे. देशात सरकारी मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, १ एप्रिल २००४ ला सुरू झाली, तीही मोजक्या मोठ्या रुग्णालयांत. मुलांसाठीचा वेगळा कार्यक्रम २००६ च्या अखेरीस आला. गावापर्यंत ही बातमी पोचेस्तोवर कितीतरी घरांतली मधली पिढी संपली होती. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या हातात गोळ्यांच्या डब्या आल्या. लोपिनाविरचं सिरप तर इतकं कडू की पोरं तोंड मिटून बसायची, आणि ते थंड जागी ठेवा म्हणून सांगायचं अशा घरांत, जिथं फ्रिज नव्हता आणि मे महिन्यात पत्रे तापलेले असायचे. मग ओल्या रेतीत माठ रोवून त्यात बाटली ठेवायला आम्ही शिकवलं.

पहिली मुलगी घाटावरची. सात-आठ वर्षांची असेल. डोकं दुखायचं, सकाळी उलटी व्हायची, मग एके दिवशी उजवा हात वाकडा झाला आणि झटका आला. सिटी स्कॅनमध्ये मेंदूत गाठ दिसली, कडेनं उजळ, मध्ये काळपट. डॉक्टरांनी टीबीची गाठ म्हणून औषध सुरू केलं, सोबत सूज उतरवायला स्टेरॉइड. आपल्या भागात एचआयव्ही असलेल्या मुलाच्या मेंदूत गाठ दिसली, तर पहिला विचार टीबीचाच करावा लागतो. तो बहुतेक वेळा बरोबरही निघतो, आणि त्यावर औषध आहे. त्या डॉक्टरांनी केलं ते योग्यच होतं, असं मी आजही म्हणेन.

दोन आठवड्यांत मुलगी उठून बसली. तिनं आजीकडे ज्वारीची भाकर आणि ठेचा मागितला. आजीनं शेगावला गजानन महाराजांना नवस फेडला आणि आमच्या सगळ्यांसाठी पेढे आणले. स्टेरॉइड हळूहळू बंद झालं. त्यानंतर ती जी उतरली ती उतरतच गेली. पुढचं स्कॅन झालंच नाही. नागपूरला न्या, असं सांगेपर्यंत ती उठवण्याच्या पलीकडे गेली होती. कागदावर मेंदूचा टीबी असंच राहिलं.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी एका प्रशिक्षणात मेंदूच्या लिम्फोमाबद्दल ऐकलं. लसिकापेशींचा हा कर्करोग एड्समध्ये थेट मेंदूतच उगवतो. स्टेरॉइड दिलं की ही गाठ काही दिवस विरघळल्यासारखी होते, माणूस सुधारतो, मग ती परत येते. म्हणूनच लिम्फोमाची शंका असेल तर शक्यतो तुकडा काढून तपासल्यावर स्टेरॉइड द्यावं, असं मेंदूचे सर्जन सांगतात. आधी दिलं तर तुकड्यात बऱ्याचदा काही सापडतच नाही. शिकवणारे डॉक्टर बोलत होते आणि मला ती भाकर मागणारी मुलगी दिसत होती. तिला लिम्फोमा होता असं मी म्हणत नाही. टीबीची गाठसुद्धा स्टेरॉइडनं तात्पुरती बरी वाटू शकते. तिला काय झालं होतं हे आता कुणीच सांगू शकणार नाही, कारण सांगू शकणारा एकच कागद होता, तुकड्याच्या तपासणीचा, आणि तो कधी तयारच झाला नाही.

त्या प्रशिक्षणातच मी एपस्टाईन-बार विषाणूचं नाव पहिल्यांदा नीट ऐकलं. एड्समधल्या मेंदूच्या लिम्फोमात जवळजवळ प्रत्येक वेळी हा सापडतो. हा काही दुर्मीळ विषाणू नाही. जगातल्या दहापैकी नऊ मोठ्या माणसांच्या अंगात तो असतो. आपल्याकडे लहानपणीच येतो, थुंकीतून, एका ताटात जेवताना, आजीनं घास चावून बाळाच्या तोंडात दिला की त्यातूनही. बहुतेकांना कळतही नाही. रक्तातल्या बी पेशींमध्ये तो जन्मभर झोपून राहतो आणि टी पेशी त्याच्यावर पहारा ठेवतात. एचआयव्ही नेमका या पहाऱ्यावरच्या पेशी मारतो. सीडीफोर म्हणून आम्ही जो आकडा मोजतो, तो या पहारेकऱ्यांचाच असतो. पहारा उठला की झोपलेला विषाणू ज्या पेशीत असतो तिला वाढत राहायला लावू शकतो.

त्याच्या शोधाची हकिगत मला फार आवडते. डेनिस बर्किट नावाचे सर्जन युगांडात काम करत होते. तिथल्या मुलांच्या जबड्यात वेगानं वाढणाऱ्या गाठी त्यांनी नोंदल्या. १९६१ साली त्यांनी लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये भाषण दिलं. श्रोत्यांत अँथनी एपस्टाईन होते. यामागे विषाणू असणार असं त्यांच्या मनानं घेतलं आणि कंपालाहून गाठींचे तुकडे विमानानं मागवायला त्यांनी सुरुवात केली. बराच काळ हाती काही लागेना. १९६३ च्या डिसेंबरात एक तुकडा धुक्यामुळे भलत्याच विमानतळावर उतरला आणि उशिरा पोचला. बाटलीतलं पाणी गढूळ झालं होतं, म्हणजे नमुना नासला असंच कुणीही म्हटलं असतं. एपस्टाईन यांनी फेकण्याआधी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर गढूळपणा जंतूंचा नव्हताच. गाठीतल्या सुट्या, जिवंत पेशी पाण्यात तरंगत होत्या. त्याच पेशी वाढवून एपस्टाईन, बर्ट अ‍ॅकाँग आणि इव्होन बार यांनी १९६४ साली विषाणू दाखवून दिला. आमच्याकडे एचआयव्ही तपासणीसाठी बाळांच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या ठिपक्यांची कार्डं ओली राहिली, उशिरा निघाली म्हणून परत आली की मला हा गढूळ नमुना आठवायचा. तो वेळेवर आला नव्हता, पण कुणीतरी त्याच्याकडे नीट पाहिलं होतं.

दुसरा मुलगा घाटाखालचा. आई बाळंतपणानंतर काही वर्षांत गेली. तिच्या गरोदरपणात तपासणी झालीच नव्हती. गरोदर बाईला एचआयव्ही निघाला की तिला जन्मभर औषध लगेच सुरू करायचं, हे धोरण आपल्याकडे २०१४ पासून लागू झालं. हा त्याच्या आधीचा. बापाचा पत्ता नाही. वाढवलं आजीनं. मुलगा शाळेत हुशार, बोलका, पण गोळ्यांचा कंटाळा. आजी कामावर गेली की गोळी तोंडात धरायची आणि मागच्या बाजूला कापसाच्या गंजीआड थुंकायची, असं त्यानं किती महिने केलं कुणास ठाऊक. रक्तात विषाणू किती आहे हे मोजणारी नियमित व्हायरल लोड तपासणी सुरू झाली तेव्हा त्याचा आकडा लाखाच्या घरात निघाला. नेमकं त्याच सुमारास त्याला झटके येऊ लागले.

आजीनं आधी त्याला चिखलीजवळच्या पिंपळगाव सराईला, सैलानीबाबांच्या दर्ग्यावर नेलं. आमच्याकडे झटके आले, वागणं बदललं की माणसं तिथं जातात. नको जाऊ, असं मी कुणाला कधी म्हटलं नाही. गोळ्यांची डबी बरोबर न्या आणि रात्री आठला द्या, एवढंच सांगते. तिथून परतल्यावर एका खाजगी दवाखान्यात झटक्यांसाठी कार्बामाझेपिन सुरू झालं. आजीनं एचआयव्हीचं सांगितलं नव्हतं, त्यामुळे तिथं कुणाला कळायचा मार्गच नव्हता. अडचण अशी की कार्बामाझेपिन, फेनिटॉइन ही झटक्यांची जुनी औषधं यकृताला असं कामाला लावतात की एचआयव्हीच्या बऱ्याच गोळ्यांचा रक्तातला जोर कमी होतो. आधीच गोळ्या थुंकणारा पोरगा, आणि ज्या पोटात जायच्या त्याही दुबळ्या. ती चिठ्ठी मी आमच्या डॉक्टरांना दाखवली. त्यांनी ते औषध काढून लेव्हेटिरासिटाम दिलं. त्याची अशी अडचण नाही.

स्कॅनमध्ये गाठ. पुन्हा टीबीची औषधं, पुन्हा स्टेरॉइड. मी डॉक्टरांना विचारलं, सर, परत स्कॅन कधी? त्यांनी कागदावर तारीख लिहिली. तीच तारीख मी फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिली, आजीच्या घरच्या कॅलेंडरवर आशाताईंकडून गोल करून घेतला आणि माझ्या वहीत वेगळी नोंदली. डॉक्टरांना गाठ ओळखायला मी शिकवू शकत नाही. पण पहिला अंदाज टीबीचाच असला, तरी त्या अंदाजाला तारीख असावी, एवढं मी पाहू शकते. आमच्यासारख्या जिल्ह्यात डॉक्टर बदलतात, बदल्या होतात, कंत्राटं संपतात. फाइल तीच राहते.

ठरलेल्या तारखेला स्कॅन झालं. गाठ वाढलेली. आता इथं आणखी एक पेच असतो. टीबीची गाठ उपचार सुरू असताना काही वेळा आधी वाढते आणि मग उतरते, एचआयव्हीची औषधं बदलून प्रतिकारशक्ती जागी झाली तर तशी शक्यता आणखी वाढते. म्हणून वाढली म्हणजे टीबी नाही, असंही म्हणता येत नाही. अकोल्याला एमआरआय झाला. त्यात दिसलं की गाठ मेंदूच्या आत नसून मेंदूवरच्या आवरणाला चिकटलेली आहे. मोठ्या माणसात अशी गाठ दिसली की मेनिंजिओमा म्हणतात, मुलांत तो फार क्वचित होतो. डॉक्टरांनी मुंबईला पाठवायचं ठरवलं.

आजी म्हणाली, "मॅडम, मले मुंबई मालूम नाही. दादर म्हन्ते, परळ म्हन्ते, कुठं उतरू मी?" मलकापूरहून रात्रीची विदर्भ एक्सप्रेस, सकाळी दादर, तिथून परळ, हे सगळं मी तिला कागदावर नाही, तोंडपाठ करून दिलं, कारण तिला वाचता येत नव्हतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कागद, पिवळं रेशनकार्ड, आधार, आमचं संदर्भपत्र, सगळ्या स्कॅनच्या फिल्मी आणि औषधांची यादी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत. औषधांची यादी मी दोनदा लिहिली, एक पिशवीत आणि एक आजीच्या कनवटीला. संदर्भपत्रावर एचआयव्ही हा शब्द सरळ लिहायचा, पण पाकीट बंद करून द्यायचं, असा आमचा रिवाज.

शस्त्रक्रिया झाली, गाठ निघाली. तुकड्याचा अहवाल यायला वेळ लागला, कारण तिथल्या पॅथॉलॉजिस्टनी एका उत्तरावर समाधान मानलं नाही. पेशी लांबट, चातीसारख्या. मेनिंजिओमाच्या खुणा नाहीत. गुळगुळीत स्नायूंची खूण मात्र मिळाली. गुळगुळीत स्नायू म्हणजे आतड्याच्या, रक्तवाहिनीच्या भिंतीत असतो तो. मेंदूच्या आवरणात असा स्नायू वाढलेला दिसला आणि मुलाला एचआयव्ही आहे हे बंद पाकिटातून कळलेलं, म्हणून त्यांनी ईबर नावाची चाचणी लावली, जी पेशीच्या केंद्रात एपस्टाईन-बार विषाणूची खूण शोधते. ती खूण सापडली.

हा विषाणू स्नायूच्या पेशीत कसा शिरतो याचं पूर्ण उत्तर अजून मिळालेलं नाही. पण अशा गाठींशी त्याचं नातं १९९५ च्या जानेवारीत न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या दोन लेखांनी पक्कं केलं. एक लेख एड्स असलेल्या मुलांवर, दुसरा अवयव-प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांवर. या गाठी एकाच माणसात अनेक ठिकाणी होऊ शकतात, आणि गंमत म्हणा की क्रूरपणा, त्या बहुतेकदा एकमेकींपासून पसरलेल्या नसतात. प्रत्येक ठिकाणी विषाणूनं स्वतंत्रपणे सुरुवात केलेली असते. म्हणून एक गाठ काढली म्हणजे काम संपत नाही. केमोथेरपी आणि किरणांचा इथं फार आधार मिळत नाही. काढता येईल तेवढी काढायची, आणि पहारा परत बसवायचा. प्रत्यारोपणाच्या रुग्णात त्यासाठी औषधं कमी करतात किंवा सिरोलिमसवर बदलतात. एचआयव्हीच्या मुलात त्याचा अर्थ व्हायरल लोड खाली आणणं. मुंबईहून आलेल्या पत्रात शेवटच्या ओळीत तेच होतं. एवढ्या मोठ्या शहरातल्या एवढ्या मोठ्या तपासणीनंतरचा उपाय परत आमच्या टेबलावर आला, रात्री आठच्या गोळीवर.

औषधं दुसऱ्या फळीची झाली. आजीसमोर, ग्लासभर पाणी पिऊन, तोंड उघडून दाखवायचं, असं ठरलं. २०२० च्या टाळेबंदीत एसट्या बंद होत्या, तेव्हा आमच्या लिंक वर्करनं मोटरसायकलवरून गोळ्या घरपोच दिल्या. सीडीफोर चढला. पुढे डोल्युटेग्राविर आलं, छोटी गोळी, तीही दिवसातून एकदाच, आणि भांडणं कमी झाली.

या सगळ्यात मला एक गोष्ट वारंवार दिसली. त्या मुलाच्या डोक्यावर टाक्यांची मोठी खूण होती आणि गावाला ती दिसत होती. आजीनं गावात मोकळेपणानं सांगितलं, "पोराच्या मेंदूचं आपरेशन झालं, डोक्याच्या गोळ्या चालू हायेत." गाव कळवळलं. कुणी वर्गणी दिली, सरपंचांनी संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरून दिला, गुरुजींनी हजेरीत सूट दिली. त्याआधीची कित्येक वर्षं हीच आजी गोळ्यांची डबी तांदळाच्या पिंपात लपवत होती. तीच गोळी, तोच पोरगा. मेंदूतल्या गाठीला माणसं रडतात आणि ती गाठ ज्यामुळे झाली त्याचं नाव काढायला धजत नाहीत. मला त्या गावाचा राग आला नाही, पण हे ऐकलं त्या रात्री झोपही आली नाही.

एक वेगळं घरही सांगून टाकते, कारण आमच्याकडे एचआयव्ही निगेटिव्ह आलं की लोक सुटकेचा श्वास टाकून फाइल बंद करतात. मामाच्या मुलीशी लग्न झालेलं जोडपं, पहिली दोन बाळं तान्हेपणीच गेलेली, तिसरं सारखं न्यूमोनियानं आजारी. तिघांचीही तपासणी निगेटिव्ह. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी रक्त परळला केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत पाठवायला लावलं, जन्मजात प्रतिकारशक्ती कमी असण्याच्या तपासणीसाठी. शंका खरी निघाली. अशा मुलांनाही एपस्टाईन-बारचा धोका असतो, त्यांच्यातही अशा गाठी नोंदल्या गेल्या आहेत. ते बाळ आता मोठ्या रुग्णालयाच्या देखरेखीखाली आहे. पहारा जन्मापासूनच नसतो अशी घरंही असतात, हे आमच्या अंगणवाडीताईंना मी प्रत्येक बैठकीत सांगते.

तर तो मुलगा. तेरा वर्षांचा झाला तेव्हा त्याला सांगायची वेळ आली. गोळ्या डोक्यासाठी आहेत असंच त्याला माहीत होतं आणि गाठ निघाली तर गोळ्या काहून, हा त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. आजीला आधी समजावलं. ती म्हणाली, "तुमीच सांगा, मॅडम, माझ्या तोंडून निघनार नाही." मी त्याला दोन विषाणूंची गोष्ट सांगितली. एक सगळ्यांच्या अंगात झोपलेला, दुसरा आईकडून आलेला, पहाऱ्याच्या पेशी मारणारा. आईला माहीत नव्हतं, हे मी तीनदा सांगितलं. तो बराच वेळ टेबलावरच्या पेनाचं टोपण काढत-लावत होता. मग म्हणाला, "तो झोपलेला तुमच्याही अंगात हाय?"

"हो. माझ्या, आजीच्या, डॉक्टरांच्या."

"आन् गुरुजींच्या?"

"बहुतेक."

"मंग माह्या गोळीनं तो झोपूनच राहीन न?"

गोळी रोज घेतलीस तर राहण्याची शक्यता खूप आहे, असं मी म्हटलं. खात्री दिली नाही. पोटाची सोनोग्राफी आणि डोक्याचा एमआरआय ठरलेल्या वेळी करत राहावं लागेल, दुसरीकडे कुठं गाठ आली तर लवकर कळावी म्हणून, हेही सांगितलं. त्यानं फाइल स्वतःकडे ओढून पहिलं पान उघडलं, पुढची तारीख वाचली आणि म्हणाला, त्या दिवशी त्याची सहामाही परीक्षा आहे. आम्ही ती तारीख चार दिवस पुढे ढकलली. आजीचे गुडघे आता घाट चढू देत नाहीत, म्हणून यावेळी तो काकाबरोबर येणार आहे. काकाला अजून काही माहीत नाही, आणि त्याला काय सांगायचं हे मुलगा स्वतः ठरवेल असं आमचं ठरलं आहे.